बंदरकाठचा मतदारसंघ

माणसांची चरित्रे लिहितात, किल्ल्यांच्या बखरी लिहितात, नद्यांची माहात्म्ये लिहितात. मतदारसंघाचे चरित्र लिहिल्याचे मात्र फारसे ऐकिवात नाही. ते साहजिकही आहे. मतदारसंघ म्हणजे नकाशावर ओढलेली एक रेघ. निवडणूक आली की ती जागी होते, निकाल लागला की झोपी जाते. दहावीस वर्षांनी सरकारी माणसे येतात, ती रेघ पुसून चार रस्ते पलीकडे ओढतात, आणि कालचा मतदार आज दुसऱ्याच खासदाराच्या पदरात पडतो. असल्या वस्तूला कसले आले आहे चरित्र?

तरीही आज वाचकांपुढे अशा एका मतदारसंघाची हकीकत मांडण्याचे धाडस करतो आहे. तो आपल्या देशातला नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागराच्या काठी, व्हँकूव्हर नावाचे शहर आहे. त्या शहराच्या ऐन मध्यावर तो वसलेला आहे, आणि त्याचे नावही तसेच सरळ आहे — 'व्हँकूव्हर सेंटर'. या एका जागेवरून गेल्या शंभरावर वर्षांत जी माणसे ऑटावाच्या पार्लमेंटात गेली, त्यांची नुसती नावे एकाखाली एक लिहिली तरी एखाद्या कादंबरीकाराने रचून लिहावीत अशी वाटतात. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. पण असा योगायोग कागदावर उतरवण्याची माझी छाती झाली नसती.

कॅनडात मतदारसंघाला बोली भाषेत 'रायडिंग' म्हणतात. नवख्या माणसाला वाटते, पूर्वी उमेदवार घोड्यावरून फिरत असतील म्हणून हे नाव पडले. तसे नाही. इंग्लंडातल्या यॉर्कशरचे तीन भाग होते, आणि जुन्या नॉर्स भाषेतल्या 'तिसरा हिस्सा' या अर्थाच्या शब्दाचा अपभ्रंश होत होत 'रायडिंग' झाला. घोड्याचा त्यात काडीचा संबंध नाही. आजमितीस त्या देशात असे ३४३ मतदारसंघ आहेत आणि त्यांच्या आकारांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. उत्तरेकडे नूनावूत नावाचा एकच मतदारसंघ आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या सहापटींहून मोठा आहे, आणि त्यात माणसे एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. उलट आपला व्हँकूव्हर सेंटर इतका आटोपशीर, की धडधाकट माणूस सकाळी निघाला तर दुपारच्या जेवणापर्यंत पायी हिंडून येईल. पण लाखावर वस्ती त्यात एकावर एक रचल्यासारखी राहते.

उत्तरेला बर्रार्ड नावाची खोल खाडी, तिच्या पलीकडे डोक्यावर बर्फ घेतलेले डोंगर. पश्चिमेला इंग्लिश बे, दक्षिणेला फॉल्स क्रीक. या तिन्ही पाण्यांच्या मध्ये जी जमिनीची जीभ बाहेर आली आहे तिच्या टोकावर स्टॅन्ली पार्क हे हजार एकरांचे अरण्य, आणि त्याला लागून उंच इमारतींचे शहर. मतदारसंघाची रेघ कधी फॉल्स क्रीकच्या अलीकडे थांबली, कधी पलीकडे गेली. पण त्याचा गाभा हाच राहिला. बंदर, बाजार, कचेऱ्या, आणि परमुलखातून येऊन पहिल्यांदा बिऱ्हाड मांडणाऱ्यांच्या खोल्या. आपल्या मुंबईत फोर्ट, गिरगाव आणि बॅलार्ड पिअर एकत्र केले तर जे होईल ते बरेचसे असे.

हे शहरही तसे कालपरवाचे. ६ एप्रिल १८८६ रोजी नगरपालिका स्थापन झाली आणि त्याच वर्षी १३ जूनला सारे गाव तासाभरात जळून खाक झाले. पुढच्या वर्षी कॅनडियन पॅसिफिक रेल्वेची पहिली गाडी तिथे येऊन थांबली, आणि मग मात्र गाव असे वाढले की १९११ पर्यंत वस्ती लाखावर गेली. जमीन मूळची कोणाची, तर मस्क्विअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाउटुथ या आदिवासी लोकांची. त्यांना विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. ती रेल्वे डोंगरातून ज्यांनी आणली त्यांत पंधरा हजारांवर चिनी मजूर होते. रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, सरकारने नव्याने येणाऱ्या प्रत्येक चिन्यावर पन्नास डॉलरांची डोईपट्टी बसवली. १९०० मध्ये ती शंभर केली, १९०३ मध्ये पाचशे. पाचशे डॉलर म्हणजे मजुराची दोन वर्षांची कमाई. कामापुरता मामा ही म्हण आपल्याकडे आहे. तिकडे तिचा कायदा केला.

आता या हकीकतीची किल्ली सांगतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने चिन्यांचा मताधिकार आधीच काढून घेतला होता, पुढे जपान्यांचा घेतला, आणि १९०७ मध्ये 'हिंदूं'चाही घेतला. हिंदू म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कोणीही. त्यांतले बहुतेक सारे पगडीधारी शीख होते, काही मुसलमान होते. पण कायद्याला तेवढी विचारपूस करायला सवड नव्हती. राष्ट्रीय पार्लमेंटाची मतदार यादी प्रांताच्या यादीवरून तयार होई. म्हणजे प्रांताने नाव गाळले की ऑटावालाही माणूस दिसेनासा झाला. इतकेच नव्हे, वकिली, औषधविक्री अशा काही व्यवसायांची दारेही त्या यादीलाच बांधलेली होती. मत नाही, म्हणून सनद नाही.

मी शाळेत नागरिकशास्त्राचा तास घेतो. 'खासदार कोणाचा?' असे विचारले की मुले एका सुरात म्हणतात, 'जनतेचा.' पुस्तकात तसेच छापले आहे. पण व्हँकूव्हर सेंटरची कथा वाचल्यापासून मला हा प्रश्न विचारताना जरा अडखळल्यासारखे होते. तिथला खासदार यादीचा होता. यादीतल्या माणसांसाठी त्याने पुष्कळ केले. यादीबाहेरच्यांना त्याने जे केले, तेही यादीतल्यांसाठीच केले.

पहिला मान हेन्री हर्बर्ट स्टीव्हन्स या गृहस्थाचा. जन्म १८७८, इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरी. लहानपणीच आईबापांबरोबर कॅनडात आला. म्हणजे तोही बाहेरचाच! १९११ मध्ये तो व्हँकूव्हरमधून पार्लमेंटात निवडून गेला. तेव्हा सगळे शहर मिळून एकच मतदारसंघ होता. १९१४ च्या कायद्याने शहराचे भाग पडले आणि त्यांतून 'व्हँकूव्हर सेंटर' कागदावर जन्माला आला.

आणि त्याच १९१४ साली, २३ मे रोजी, बर्रार्डच्या खाडीत 'कोमागाटा मारू' ही आगबोट येऊन नांगरली.

ही गोष्ट आपल्याकडे थोडीफार ठाऊक आहे. पण ती नेहमी बोटीवरून सांगितली जाते, आज किनाऱ्यावरून पाहू. गुरदित सिंग यांनी हाँगकाँगात ही जपानी बोट भाड्याने घेतली होती. तिच्यावर ३७६ उतारू होते — ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, कित्येक त्याच साम्राज्याच्या फौजेत नोकरी केलेले. साम्राज्याच्या एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जायला आडकाठी ती काय, असा त्यांचा भाबडा सवाल. पण कॅनडाने १९०८ मध्येच एक नामी युक्ती काढून ठेवली होती. जो कोणी येईल त्याने आपल्या मायदेशातून थेट, एकाच अखंड प्रवासात आले पाहिजे. आणि हिंदुस्थानातून तसे थेट तिकीट कोणती कंपनी देणार नाही याचीही व्यवस्था झालेली होती. शिवाय प्रत्येकाच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. कायद्यात कुठेही 'हिंदी माणसाला बंदी' असा शब्द नाही. कारकुनी अकलेला सलाम करावा तेवढा थोडा!

बोट दोन महिने पाण्यात उभी राहिली, धक्क्याला लागू दिली नाही. अन्न संपत आले, पाणी संपत आले. शहरातल्या शीख मजुरांनी पैसा उभा करून वकील दिला. ६ जुलैला कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला. किनाऱ्यावर रोज बघ्यांची गर्दी जमे. या साऱ्या काळात खासदार स्टीव्हन्स स्वस्थ बसला नव्हता. त्याने जाहीर सभा भरवली, ऑटावाला तारांवर तारा केल्या. बंदरावरचा इमिग्रेशन अधिकारी माल्कम रीड हा त्याच्याच वशिल्याने त्या खुर्चीवर बसलेला. जुलैच्या एका रात्री शंभरावर पोलीस घेऊन 'सी लायन' नावाची टगबोट आगबोटीवर चाल करून गेली. उपाशी उतारूंनी दगडी कोळशाचा आणि विटांचा असा मारा केला की पोलिसांना माघार घ्यावी लागली. मग कॅनडाच्या आरमारातली 'रेनबो' ही युद्धनौका आणून उभी केली, आणि २३ जुलैला कोमागाटा मारू परत फिरली. पूर्वी तिथे राहून गेलेले वीस-बावीस जण तेवढे उतरू शकले. बाकीचे कलकत्त्याजवळ बजबजच्या घाटावर २९ सप्टेंबरला पोहोचले, आणि तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांतले कितीतरी जागीच पडले.

या बातमीने उत्तर अमेरिकेचा सारा पश्चिम किनारा, जिथे जिथे हिंदी मजूर आणि विद्यार्थी होते तिथे तिथे, पेटून उठला. युद्ध सुरू होताच गदर पक्षाच्या हाकेला ओ देऊन जे मायदेशी परतले, त्यांत पुण्याजवळच्या तळेगाव ढमढेरे गावचा विष्णू गणेश पिंगळे होता. तो व्हँकूव्हरच्या दक्षिणेला, अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलला शिकायला गेलेला तरुण. मीरतच्या छावणीत तो बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात, कर्तार सिंग सराभा आणि आणखी पाच जणांबरोबर, फासावर चढला. व्हँकूव्हरच्या बंदरातला दोर तळेगावापर्यंत असा येऊन पोहोचतो.

इकडे स्टीव्हन्सचे काय झाले? त्याचे काही बिघडले नाही. १९१७ मध्ये नव्या व्हँकूव्हर सेंटरची पहिली निवडणूक झाली, तीत तो निवडून आला आणि पुढे तेरा वर्षे तिथला खासदार राहिला. त्या पहिल्या निवडणुकीचीही एक गंमत आहे. युद्धकाळच्या खास कायद्याने सैनिकांच्या आयाबहिणींना, बायकांना मत मिळाले, आणि त्याच कायद्याने शत्रुदेशांतून येऊन १९०२ नंतर नागरिक झालेल्या हजारोंचे मत गेले. एका हाताने दिले, दुसऱ्याने काढले.

वाचकांना वाटेल, हा स्टीव्हन्स मोठा दुष्ट असला पाहिजे. तसे असते तर लिहिणे सोपे झाले असते. पुढे मंत्री झाल्यावर याच माणसाने मोठमोठ्या दुकानदार कंपन्या छोट्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला कशा पिळतात याची चौकशी उघडली, तीपायी आपल्याच पंतप्रधानाशी भांडून १९३४ मध्ये राजीनामा दिला, नवा पक्ष काढला. १९३५ मध्ये त्या पक्षाला देशभर पावणेचार लाखांवर मते पडली आणि निवडून आला तो एकटा स्टीव्हन्स. गरीब शिंप्याच्या, लहान वाण्याच्या बाजूने उभा राहिलेला तो खरा माणूस होता. फक्त तो शिंपी, तो वाणी यादीतला असायला हवा होता.

१९३० मध्ये त्याला पाडून आला इयन मॅकेन्झी. हा स्कॉटलंडचा, जन्म १८९०. वक्ता मोठा, माणसे जोडणारा. अठरा वर्षे त्याने ही जागा राखली. संरक्षणमंत्री झाला, पेन्शन आणि आरोग्य खात्याचा मंत्री झाला, आणि युद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांच्या खात्याचा पहिला मंत्री तोच. सैनिकाला घर, शिक्षण, जमीन, धंद्याला भांडवल देणारे जे कायदे कॅनडाने केले, त्यांचा तो एक शिल्पकार. हजारो घरांतून त्याला दुवा मिळाला असेल.

आता त्याच्याच मतदारसंघातल्या स्टॅन्ली पार्कात जाऊ. तिथे झाडीत एक दगडी खांब उभा आहे, माथ्यावर जपानी पद्धतीचा कंदील. पहिल्या महायुद्धात २२२ जपानी तरुण कॅनडाच्या वतीने लढायला गेले. ब्रिटिश कोलंबियाने भरती करून घेतले नाही म्हणून ते डोंगर ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात जाऊन भरती झाले. ५४ परत आले नाहीत. त्यांचे हे स्मारक ९ एप्रिल १९२० रोजी उभे राहिले. जे परत आले त्यांनी मत मागितले. ते मिळायला १९३१ साल उजाडले, आणि प्रांताच्या विधिमंडळात तो ठराव पास झाला अवघ्या एका मताने. तोही फक्त त्या माजी सैनिकांपुरता; त्यांच्या बायकामुलांना नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानशी युद्ध सुरू झाले. लष्करातले आणि पोलिसातले जाणते अधिकारी सांगत होते की या लोकांपासून भय नाही. मॅकेन्झी मंत्रिमंडळात उलटे सांगत होता. त्याचे चालले. फेब्रुवारी १९४२ च्या हुकुमाने किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यातल्या साऱ्या जपानी वंशाच्या लोकांना उठवले. सुमारे बावीस हजार माणसे. त्यांतली बहुसंख्य कॅनडातच जन्मलेली किंवा रीतसर नागरिक झालेली. मासेमारीच्या बोटी आधीच जप्त झाल्या होत्या. आता घरे, दुकाने, शिवणयंत्रे, पियानो, सारे 'सांभाळण्यासाठी' सरकारने ताब्यात घेतले आणि १९४३ पासून मालकांना न विचारता लिलावात काढले. फ्रेझर नदीच्या खोऱ्यातली त्यांची सातशेहून अधिक शेते सरकारने घेतली ती कशासाठी? परतणाऱ्या सैनिकांना देण्यासाठी. मॅकेन्झीच्या सैनिक-कल्याणाची ही दुसरी बाजू. माळ्याची बाग उपटून देवाला फुले वाहावीत तसे झाले. १९४४ मध्ये तर तो जाहीर सभेत घोषणाच देऊ लागला की रॉकी पर्वतापासून समुद्रापर्यंत एकही जपानी नको. किनाऱ्यावर राहणाऱ्या एकाही जपान्यावर हेरगिरी वा घातपात कधी शाबीत झाला नाही. युद्ध संपल्यावरही १ एप्रिल १९४९ पर्यंत त्यांना किनाऱ्यावर परतू दिले नाही.

आणि स्टॅन्ली पार्कातल्या त्या खांबावरचा दिवा? तो १९४२ मध्ये विझवला. मेलेल्या सैनिकांचा दिवा! तो परत लागला १९८५ मध्ये. तो पुन्हा लावायला त्या लढवय्यांपैकी एक नव्वदी ओलांडलेला म्हातारा हयात होता, हे त्यातल्या त्यात बरे.

मॅकेन्झी १९४८ मध्ये सेनेटवर गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. पण त्याच्या डोळ्यांदेखतच यादी बदलू लागली होती. २ एप्रिल १९४७ रोजी ब्रिटिश कोलंबियाने चिनी आणि हिंदी लोकांचा मताधिकार परत दिला. त्यामागे दोन कारणे. एक, हिंदुस्थान स्वतंत्र होऊ घातला होता आणि राष्ट्रकुलातल्या बरोबरीच्या देशाच्या माणसांना असे वागवणे दिसायला बरे नव्हते. दुसरे कारण चिनी तरुणांनी स्वतः कमावले. युद्धात सुमारे सहाशे चिनी कॅनडियन लढले. आधी सरकार त्यांना घ्यायलाच तयार नव्हते. कारण गणवेश दिला तर उद्या मत द्यावे लागेल! शेवटी जपान्यांच्या ताब्यातल्या मुलखात गुप्तपणे उतरवायला चिनी चेहऱ्याची माणसे हवी झाली, तेव्हा ब्रिटिशांनी दीडशे जण मागून घेतले. 'फोर्स १३६' या गुप्त दलात ते गेले. त्यांतल्या काहींचे शिक्षण तर आपल्या पुण्याजवळ झाले. हातगोळे टाकायला आणि पूल उडवायला शिकणारी ती मुले पुण्याच्या बाजारात हिंडली असतील, तेव्हा त्यांना परदेशी म्हणून पाहणाऱ्या आपल्या लोकांना कुठे ठाऊक होते, की ज्या देशासाठी ती मरायला निघाली आहेत तिथेही ती परदेशीच आहेत!

या दलातला एक तरुण डग्लस जंग. जन्म १९२४, व्हिक्टोरिया शहरचा. त्याला ऑस्ट्रेलियात पाठवले होते. युद्धावरून परत आल्यावर माजी सैनिकांच्या सवलतीवर तो विद्यापीठात शिकला. कोणाच्या खात्याची ती सवलत? मॅकेन्झीच्या. १९५४ मध्ये त्याला वकिलीची सनद मिळाली. सात वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या रंगाच्या माणसाला ती मिळणेच शक्य नव्हते. आणि १९५७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्याला व्हँकूव्हर सेंटरची उमेदवारी दिली. मोठा भरवसा होता म्हणून नव्हे. समोर होता देशाचा संरक्षणमंत्री राल्फ कॅम्पनी. अशा ठिकाणी पक्ष सहसा बळीचा बकरा उभा करतात. चायनाटाउनमधली मते सगळी जंगला पडली असे धरले, तरी तेवढ्यावर जागा जिंकणे शक्य नव्हते. गोऱ्यांनीच मते द्यायला हवी होती. १० जून १९५७ च्या रात्री मोजणी झाली आणि संरक्षणमंत्री पडला.

स्टीव्हन्सच्या आणि मॅकेन्झीच्या जागेवर चिनी मजुरांच्या जातीचा माणूस बसला. कॅनडाच्या पार्लमेंटातला तो पहिला चिनी. स्टीव्हन्स तेव्हा हयात होता, व्हँकूव्हरमध्येच राहत होता; तो वारला १९७३ मध्ये. त्या रात्री रेडिओवर निकाल ऐकताना त्याच्या मनात काय आले असेल? इतिहास लिहिणाऱ्याला हे विचारायची मुभा नाही, कादंबरीकाराला आहे. पण उत्तर मलाही सुचत नाही.

जंगला सरकारने त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत शिष्टमंडळाबरोबर पाठवले. तो कॅनडाच्या खुर्चीवर बसायला गेला, तर तिथल्या रखवालदाराने अडवले, की ही जागा कॅनडाच्या प्रतिनिधीची आहे. 'मीच तो,' असे जंगला सांगावे लागले. ही आठवण पुढे त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाई. त्याचे खरे काम मात्र याहून अवघड होते. १९२३ पासून १९४७ पर्यंत चिन्यांना कॅनडात येणे जवळजवळ बंदच होते. त्या काळापासून कित्येक जण दुसऱ्याच्या मुलाच्या नावाचे कागद विकत घेऊन आले होते आणि तेच खोटे नाव लावून आयुष्य काढीत होते. यांना 'कागदी मुलगे' म्हणत. स्वतःच्या बायकोला खरे नाव सांगायची चोरी, थडग्यावरही खोटेच आडनाव. १९६० मध्ये सरकारने धाडी घातल्या, आणि मग त्याच वर्षी असा मार्ग काढला की जो पुढे येऊन खरे नाव सांगेल त्याला माफी. हजारो लोकांनी आपली खरी नावे परत घेतली. या तडजोडीसाठी जंगने आपले वजन खर्ची घातले. त्याच १९६० मध्ये, जंग बसत होता त्याच पार्लमेंटाने देशातल्या आदिवासींना कोणतीही अट न घालता मत दिले. जमीन ज्यांची, त्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागला.

१९५८ मध्ये जंग पुन्हा निवडून आला, १९६२ मध्ये पडला. दुसरा चिनी खासदार यायला १९७४ साल लागले, तोही शेजारच्या व्हँकूव्हर ईस्टमधून.

पुढची वर्षे भरभर सांगतो. जॉन निकल्सन आला आणि गव्हर्नर होऊन गेला. रॉन बॅसफर्ड आला. ग्रॅनव्हिल आयलंड या गंजक्या कारखान्यांच्या बेटाचे हौशी बाजारपेठेत रूपांतर झाले त्याचे श्रेय शहर आजही त्याला देते. १९८० मध्ये पॅट कार्नीबाई आल्या. गोऱ्या घराण्यातल्या, पण जन्म शांघायचा! योगायोगांना इथे तोटा नाही. १९८८ मध्ये किम कॅम्बेलबाई अवघ्या २६९ मतांनी जिंकल्या, आणि २५ जून १९९३ रोजी कॅनडाच्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान झाल्या. त्याआधी त्याही संरक्षणमंत्री होत्या. मॅकेन्झी, कॅम्पनी आणि त्या धरून या एका जागेने देशाला तीन संरक्षणमंत्री दिले. चार महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, निवडणूक झाली. दीडशेवर जागा असलेला त्यांचा पक्ष दोन जागांवर आला, आणि त्या दोन जागांत पंतप्रधानांची स्वतःची जागा नव्हती.

त्यांना पाडणाऱ्या हेडी फ्राय या वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटाच्या, पेशाने डॉक्टर. २०२५ च्या निवडणुकीपर्यंत लागोपाठ अकरा वेळा त्या इथून निवडून आल्या आहेत. त्यांचेही सारेच गोड नाही. मंत्री असताना २००१ मध्ये त्यांनी प्रिन्स जॉर्ज नावाच्या गावात वंशद्वेषाने क्रूस जाळले जात असल्याचे पार्लमेंटात सांगितले. ते खोटे निघाले, माफी मागावी लागली, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी मंत्रिपदही गेले. मतदारांनी मात्र त्यांना सोडले नाही. १९९३ मध्येच शेजारच्या व्हँकूव्हर साउथमधून हर्ब धालीवाल हे पंजाबी गृहस्थ निवडून आले होते. २०१५ मध्ये त्याच जागेवरून आलेले हरजित सिंग सज्जन थेट संरक्षणमंत्री झाले. राजकारणात येण्यापूर्वी सज्जन ज्या पलटणीचे प्रमुख होते, तिच्याच पूर्वीच्या शिपायांना १९१४ मध्ये कोमागाटा मारूविरुद्ध उभे केले होते. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी पार्लमेंटात त्या बोटीबद्दल माफी मागितली, तेव्हा हे सज्जन मंत्र्यांच्या बाकावर बसलेले होते. डोईपट्टीची माफी २००६ मध्येच मागून झाली होती, जपान्यांची १९८८ मध्ये. जपान्यांतल्या हयात असलेल्यांना प्रत्येकी एकवीस हजार डॉलरही दिले. घरे कोणालाच परत मिळाली नाहीत.

आज बर्रार्डच्या काठाला, कोल हार्बरच्या बागेत, कोमागाटा मारूच्या उतारूंचे स्मारक आहे. ते २०१२ मध्ये उभारले. त्यावर त्या उतारूंची नावे कोरली आहेत. तिथून थोडे चालले की बर्रार्ड रस्त्यावर ४०१ क्रमांकाची केंद्र सरकारची मोठी कचेरी लागते. तिला २००६ मध्ये नाव दिले होते हॉवर्ड ग्रीन यांचे. ग्रीन हा व्हँकूव्हरचाच जुना खासदार, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला, डग्लस जंगच्याच पक्षाचा, पार्लमेंटात त्याच बाजूच्या बाकांवर बसणारा. युद्धकाळात जपान्यांना हाकलण्यासाठी मॅकेन्झीच्या जोडीने आवाज उठवणाऱ्यांत तो पुढे होता. नाव जाहीर होताच जपानी कॅनडियन लोकांनी हरकत घेतली. सरकारने पाटी उतरवली आणि २००७ मध्ये नवी लावली. तिच्यावर डग्लस जंगचे नाव आहे.